अनिश्चिततेत निसर्गसंपत्तीचं व्यवस्थापन: आधी अंदाज लिहा, मग काम सुरू करा

कुरणातलं गवत विरळ होत चाललंय, जलाशयातली मासळी दरवर्षी आकाराने लहान मिळतेय, भूजलाची पातळी खाली जातेय. कारण विचारलं तर चार जाणकार चार कारणं सांगतात आणि चारही पटण्यासारखी असतात. निर्णय मात्र याच हंगामात घ्यावा लागतो. ‘आधी नीट अभ्यास होऊ द्या’ म्हणून थांबणं हाही एक निर्णयच असतो, आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात महाग पडतो.

अशा वेळी वापरायची पद्धत म्हणजे अनुकूली व्यवस्थापन. १९७०च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात सी. एस. हॉलिंग आणि कार्ल वॉल्टर्स यांनी तिची मांडणी केली. निर्णय असा घ्यायचा की काम तर पुढे जावंच, शिवाय कोणतं कारण खरं हेही कळावं. आणि जे कळेल त्यानुसार पुढचा निर्णय बदलायचा. नवखे लोक याचा अर्थ ‘करून बघू, नाही जमलं तर बदलू’ असा घेतात. तसं नाही. इथे काम सुरू होण्याआधी अंदाज आकड्यांत लिहून ठेवलेला असतो. तो नसेल तर कोणताही निकाल आला तरी ‘आम्हाला हेच अपेक्षित होतं’ म्हणायला सगळे मोकळे, आणि मोजणीवर घातलेला वेळ पाण्यात.

समजायला सोपं जावं म्हणून पुढे एकच काल्पनिक उदाहरण चालवलं आहे: २०० हेक्टरचं सामाईक चराईचं कुरण, ज्यात गवताचं उत्पादन घटलं आहे. त्यातले आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. तुमचे आकडे तुमच्या जागेवरूनच काढावे लागतील.

ही पद्धत इथे लागू पडते का?

सगळीकडे ती वापरू नये. निर्णय पुन्हा पुन्हा घ्यायचा असेल तरच शिकण्याचा उपयोग होतो. धरण बांधावं की नाही हा एकदाच घ्यायचा निर्णय आहे, धरणातून दरवर्षी पाणी कधी आणि किती सोडावं हा वारंवार घ्यायचा. ज्या गोष्टीवर प्रयोग करायचा ती तुमच्या हातात हवी: चराई थांबवता येते, पाऊस थांबवता येत नाही. चूक झाली तर मागे फिरता आलं पाहिजे. शेवटच्या काही डझन प्राण्यांवर प्रयोग करत नाहीत. आणि निकाल दिसायला लागणारा काळ निर्णयाच्या फेरीला जुळला पाहिजे. गवताचं उत्तर दोन-तीन हंगामांत मिळतं. शंभर वर्षं वाढणाऱ्या झाडांच्या बाबतीत फार तर रोपांची संख्या आणि त्यांचा तगाव यावरून शिकता येईल, पूर्ण वाढलेल्या जंगलावरून नाही.

पायरी १: उद्दिष्ट आणि पर्याय

‘कुरण सुधारणं’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘पाच वर्षांत वाढीच्या हंगामाअखेर सरासरी उत्पादन हेक्टरी १,२०० किलो सुकं गवत, आणि कोणत्याही वर्षी कोरड्या काळाच्या शेवटी जमिनीवर हेक्टरी ४०० किलोंपेक्षा कमी गवत उरू नये’ हे उद्दिष्ट. पहिला भाग गाठायचा, दुसरा मोडायचा नाही. दोन्ही एकाच वाक्यात असले की पुढचे अर्धे वाद मिटतात.

मग पर्याय मोजके ठेवा. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९९५ पासून मॅलार्ड बदकांच्या शिकारीचे नियम या पद्धतीने ठरवायला घेतले, तेव्हा खंडभर उडणाऱ्या पक्ष्यांसाठीही पर्याय हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठेवले: ढोबळमानाने बंद, कडक, मध्यम आणि सैल हंगाम. पंधरा पर्याय मांडले तर कशामुळे काय झालं हे कधीच उलगडत नाही.

पायरी २: एकमेकांशी भांडणारी कारणं

प्रत्येक संभाव्य कारण एका ओळीत लिहा आणि त्यापुढे ‘हे खरं असेल तर अमुक केल्यावर अमुक दिसेल’ असा आकडा टाका. आपल्या कुरणात:

अ) वाढीच्या हंगामात चराई जास्त होते, गवताला बी धरायला वेळच मिळत नाही. हे खरं असेल तर एक हंगाम राखलेल्या (म्हणजे चराई बंद ठेवलेल्या) तुकड्यात पुढच्या वर्षीची वाढ न राखलेल्यापेक्षा ५० टक्के जास्त असेल.

ब) पाऊस कमी झाला, चराईचा फारसा संबंध नाही. मग राखलेल्या आणि न राखलेल्या तुकड्यांतला फरक १० टक्क्यांच्या आसपास राहील.

क) झुडपांनी जागा आणि ओल खाल्ली. तर राखून काही होणार नाही, झुडपं काढलेल्या भागात फरक दिसेल.

ज्या कारणाचा अंदाज दुसऱ्या कारणाच्या अंदाजाहून वेगळा निघत नाही, ते कारण यादीत ठेवून उपयोग नाही. कारण बरोबर असेलही, पण तुमच्या प्रयोगातून ते ओळखता येणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या मासेमारीत १९८०च्या दशकात याच धर्तीवर काम झालं. मौल्यवान मासे घटले ते थेट उपशामुळे, की समुद्रतळावर ओढल्या जाणाऱ्या जाळ्यांनी स्पंजांसारखा तळाचा अधिवास उखडला म्हणून, असा प्रश्न होता. काही पट्टे जाळ्यांना बंद, काही सुरू ठेवले. पुरावा अधिवासाच्या बाजूने झुकला. नुसते आकडे गोळा करत बसलं असतं तर दोन्ही कारणं एकसारखीच दिसत राहिली असती.

जिथे स्थानिक लोक, गुराखी किंवा मच्छीमार यांचं स्वतःचं स्पष्टीकरण असेल तिथे ते यादीत घ्याच. सौजन्य म्हणून नाही. बाहेरच्या माणसाला न सुचणारं कारण बऱ्याचदा तिथूनच येतं.

पायरी ३: उत्तर मिळून निर्णय बदलणार आहे का?

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग पाच वर्षं मोजत बसतात. हिशेब सोपा आहे. क सध्या बाजूला ठेवू. समजा अ खरं असेल तर कुरण राखून वर्षाला २४० टन चारा मिळेल, न राखता १५० टन. ब खरं असेल तर राखून १७० टन (काही चराई बुडाली), न राखता २०० टन. दोन्ही कारणांची शक्यता निम्मी-निम्मी धरली तर राखण्याची सरासरी २०५ टन, न राखण्याची १७५. म्हणजे आज राखणंच बरं. खरं कारण आधीच ठाऊक असतं तर अ मध्ये २४०, ब मध्ये २०० मिळाले असते, सरासरी २२०. २२० वजा २०५ म्हणजे १५ टन. ही माहितीची वर्षाची कमाल किंमत. मोजणीचा खर्च याहून जास्त होत असेल तर मोजू नका, सरळ राखायला लागा. आणि दोन्ही कारणांत एकच पर्याय सरस ठरत असेल तर ही किंमत शून्य, प्रयोगाची गरजच नाही.

पायरी ४: तुकडे पाडणं

खरी मेहनत इथे आहे, आणि इथे झालेली चूक नंतर कोणत्याही गणिताने निस्तरता येत नाही.

२०० हेक्टरचे २५-२५ हेक्टरचे आठ तुकडे करा. माती, उतार आणि पाण्यापासूनचं अंतर पाहून चार-चार सारख्या तुकड्यांचे दोन गट पाडा. प्रत्येक गटात चार उपचार: नुसतं राखणं, नुसती झुडपं काढणं, दोन्ही, काहीच नाही. कोणत्या तुकड्याला काय हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. यामुळे राखणीचा परिणाम चार विरुद्ध चार तुकड्यांवर तपासता येतो, आणि त्याच आठांत झुडपांचाही. चिठ्ठ्यांचा आग्रह एवढ्यासाठी की राखायला सोपे म्हणून दूरचे तुकडे निवडले जातात, चरायला सोपे म्हणून पाण्याजवळचे. मग जो फरक दिसतो तो राखणीचा नसून पाण्याच्या अंतराचा असतो.

‘काहीच नाही’ हा तुकडा सोडू नका. तो नसेल तर चांगल्या पावसाचं श्रेय राखणीला जातं आणि दुष्काळाचा दोष राखणीवर येतो. उपचार सुरू करण्याआधी निदान एक हंगाम सगळ्या तुकड्यांची मोजणी करून ठेवा. तुकडे मुळातच वेगळे असतात. आधीचा आणि नंतरचा फरक काढून मग तुकड्यांची तुलना केली की हा वेगळेपणा बराचसा वजा होतो.

आता एक सापळा. चार तुकडे राखले की तिथली जनावरं उरलेल्या चारांत जातात. तिथला भार दुप्पट होतो, आणि तुम्ही ‘राखणं विरुद्ध नेहमीची चराई’ तपासत नसून ‘राखणं विरुद्ध दुप्पट चराई’ तपासता. फरक मोठा दिसतो, टाळ्या मिळतात, निष्कर्ष चुकीचा निघतो. विस्थापित जनावरांसाठी चाऱ्याची वेगळी सोय करा. ते शक्य नसेल तर प्रत्येक तुकड्यातली जनावरं आठवड्यातून एकदा मोजा आणि अंदाजच त्या भाराला धरून लिहा. मासेमारीत काही भाग बंद केला की नावा शेजारच्या भागात गर्दी करतात, तिथेही हीच गोष्ट.

किती तुकडे पुरतील? ढोबळ नियम असा: प्रत्येक बाजूला लागणारे तुकडे = १६ × (तुकड्यांतली चढउतार ÷ ओळखायचा फरक)², दोन्ही टक्क्यांत. सारखाच उपचार मिळालेल्या तुकड्यांच्या सरासरींत २० टक्क्यांची चढउतार असेल आणि बाजूला चारच तुकडे असतील तर ओळखू येणारा फरक ४० टक्के निघतो. इतक्या कमी तुकड्यांत सूत्र जरा आशावादी ठरतं, प्रत्यक्षात ४८ टक्के धरा. त्याहून लहान फरक असला तरी बहुधा निसटेल. म्हणून ‘१५ टक्के सुधारणा सिद्ध करू’ असं आश्वासन या आराखड्यावर देऊ नये. ओळखायचा फरक निम्मा केला तर तुकडे चौपट लागतात.

आणि एका तुकड्यात गवत मोजायला शंभर छोट्या चौकटी टाकल्या म्हणून शंभर पुरावे होत नाहीत. उपचार तुकड्याला दिला आहे, म्हणून मोजायचं एकक तुकडाच. प्रकाशित अहवालांतही ही चूक सर्रास आढळते.

पायरी ५: मोजणी

५० × ५० सेंटिमीटरची लोखंडी चौकट घ्या. तिच्यातलं गवत जमिनीपासून २ सेंटिमीटरवर कापा. रोपाचं मूळ आत असेल तर ते रोप आत, पाती बाहेर झुकली असली तरी. ६५ अंश सेल्सियसला वजन स्थिर होईपर्यंत, साधारण ४८ तास, वाळवा. ग्रॅममधल्या सुक्या वजनाला ४० ने गुणलं की हेक्टरी किलो मिळतात: ३० ग्रॅम म्हणजे हेक्टरी १,२०० किलो. ओल्या वजनावर हिशेब करू नका. सकाळचं आणि दुपारचं गवत एकाच वजनाचं नसतं.

चौकटीच्या जागा घरी बसून नकाशावर यादृच्छिक क्रमांकांनी ठरवा. चौकट फेकण्याची पद्धत टाळा. हात नकळत चांगल्या गवताकडे वळतो. एका तुकड्यात चौकटींमधली चढउतार ५० टक्के असेल तर १० चौकटींनी त्या तुकड्याच्या सरासरीत सुमारे १६ टक्क्यांची चूक राहते, २० चौकटींनी ११. दहावर भागतं. जास्तीचा वेळ असेल तर तो जास्त तुकड्यांवर घाला.

राखलेल्या तुकड्यात गवत जास्त दिसणारच, कारण ते कोणी खाल्लेलं नाही. त्यावरून वाढ सुधारली असं सिद्ध होत नाही. दुसऱ्या वर्षी वाढ सुरू होण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या तुकड्यांत दीड मीटर चौरस जाळीचे पिंजरे ठेवा आणि हंगामाअखेर पिंजऱ्याच्या मधोमध चौकट टाकून मोजा. आता दोन्हीकडचं गवत न खाल्लेलं आहे, तुलना न्याय्य झाली. पिंजरे दरवर्षी नव्या जागी हलवा. वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलेला पिंजरा हाच एक छोटा राखीव तुकडा बनतो.

मोजणारा माणूस बदलला की आकडे बदलतात. नवा माणूस येताना जुन्यासोबत त्याच दहा चौकटींतल्या गवताचा नजरेने केलेला अंदाज दोघांनी वेगवेगळा लिहावा, मग कापून वजन करावं. फोटो काढायचे तर खुंटी ठोकून त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून, त्याच दिशेला.

निदर्शक, म्हणजे संपत्तीची स्थिती दाखवणारा आकडा, निवडताना एक प्रश्न विचारा: संपत्ती निम्मी झाली तर हा आकडा खरंच निम्मा होईल का? कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या कॉड माशाच्या बाबतीत व्यापारी नावांची प्रति-फेरी पकड बरीच वर्षं चांगली दिसत राहिली, कारण उरलेले मासे दाटीने एकत्र राहत होते आणि नावांची शोधयंत्रं सुधारत होती. साठ्याचा अंदाज त्यामुळे फुगला. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. पकड हा सोयीचा आकडा आहे, पण एकट्या पकडीवर विसंबू नका. मासेमारीपासून स्वतंत्र, ठरावीक जागी, ठरावीक जाळ्याने केलेली पाहणी जोडीला हवीच.

पायरी ६: इशाऱ्याचे आकडे

‘परिस्थिती बिघडली तर पावलं उचलू’ या वाक्याने कधी कोणतं पाऊल उचललं जात नाही. कोणता आकडा, कोणत्या महिन्यात, किती खाली गेला की कोण काय करणार, हे आधी लिहा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९९०च्या दशकापासून असे चिंतेचे उंबरठे ठरवलेले आहेत; आकडा तिथे पोहोचला किंवा पोहोचणार असं दिसलं की चर्चा आणि निर्णय सक्तीचा होतो.

इशाऱ्याचा आकडा लाल रेषेवर, म्हणजे जी मोडायचीच नाही त्या मर्यादेवर, ठेवू नका, वर ठेवा. किती वर? मोजणीपासून उपाय लागू होईपर्यंत जितका वेळ जातो, तेवढ्या वेळात जितकी घट होऊ शकते, तितका. कोरड्या काळाच्या शेवटी उरणारं गवत वाईट वर्षांत १५ टक्क्यांनी घटत असेल आणि मोजून, बैठक होऊन, चराई प्रत्यक्ष कमी व्हायला दोन वर्षं लागत असतील, तर ४०० किलोंच्या रेषेसाठी इशारा ४०० ÷ (०.८५ × ०.८५), म्हणजे सुमारे ५५० किलोंवर हवा. प्रशासन एका वर्षात हललं तर ४७० वर चालेल. दिरंगाईचा भुर्दंड किती, हे त्या संस्थेला दाखवायला हा हिशेब कामी येतो.

वर चढतानाचा नियमही लिहा: सलग दोन वर्षं ७०० च्या वर राहिलं तरच भार वाढवायचा. एका चांगल्या वर्षावर ढील दिली की पुढच्या वाईट वर्षात ती परत घेता येत नाही. माणसं विरोध करतात आणि त्यांचंही चूक नसतं.

पायरी ७: आकडे आल्यावर विश्वास किती बदलायचा

सुरुवातीला अ आणि ब दोन्हींची शक्यता ०.५. (क चा निकाल झुडपांच्या तुकड्यांवरून स्वतंत्र लावायचा.) मोजणीतली चूक आणि वर्षागणिक चढउतार मिळून अंदाजाभोवती २० टक्क्यांचं प्रमाण विचलन (आकडे साधारण किती विखुरतात त्याचं माप) धरू. दुसऱ्या वर्षी फरक ३५ टक्के निघाला. अ चा अंदाज ५०, म्हणजे १५ ने हुकला. ब चा १०, म्हणजे २५ ने हुकला. हुकलेला आकडा २० ने भागा, वर्ग करा, निम्मा करा आणि e (सुमारे २.७१८) या संख्येला तो आकडा ऋण घातांक म्हणून द्या (स्प्रेडशीटमधलं घातांकाचं फंक्शन हे एका फटक्यात करतं). अ ला ०.७५५ मिळतात, ब ला ०.४५८. आधीच्या शक्यतेने गुणून बेरजेने भागलं की अ ०.६२, ब ०.३८. पुढच्या वर्षी ४५ टक्के फरक आला तर अ ०.८८ वर जातो.

यातून कळतं की एका वर्षाच्या निकालाने फारसं काही ठरत नाही, पण तो वायाही जात नाही. मॅलार्ड बदकांच्या कार्यक्रमात पक्ष्यांची संख्या कशी बदलेल हे सांगणारी चार मॉडेलं होती, प्रत्येकाला सुरुवातीला ०.२५ वजन. दर वसंतातल्या हवाई गणनेत पक्षी किती दिसले आणि कोणत्या मॉडेलने किती सांगितले होते, यावरून ती वजनं दरवर्षी हलत गेली, आणि हंगामाचा नियम त्या वजनांवरून निघत गेला. वाद थांबायची वाट कोणी पाहिली नाही.

शक्यतांची बेरीज नेहमी १ येते, हे मात्र विसरू नका. फरक उणे ४० टक्के निघाला तरी गणित इमानेइतबारे ब ला जवळजवळ १ देईल, जरी ब चा अंदाजही ५० ने हुकलेला असला. निरीक्षण सगळ्याच अंदाजांपासून दोन प्रमाण विचलनांहून दूर गेलं तर आकडेमोड थांबवून पायरी २ वर परत या. खरं कारण यादीतच नाही.

कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅन्यन धरणाखाली हेच घडलं. वाळूचे किनारे झिजत होते. १९९६ मध्ये सात दिवस सेकंदाला सुमारे १,२७० घनमीटर पाणी सोडण्यात आलं. पात्राच्या तळाशी साचलेली वाळू उचलली जाऊन किनाऱ्यावर बसेल असा अंदाज होता. किनारे उंचावले खरे, पण त्यातली बरीच वाळू तळातून न येता आधीच्याच किनाऱ्यांच्या खालच्या भागातून आली होती. म्हणजे तळाशी पुरेशी वाळू साठून राहते हे गृहीतकच कोसळलं. पुढे उपनदीने नवी वाळू आणून टाकल्यानंतरच पूर सोडायचा, असा नियम आला.

पायरी ८: कागद आणि फेऱ्या

दर निर्णयाला एक पान पुरतं: तारीख, घेतलेला निर्णय, नाकारलेले पर्याय, प्रत्येक कारणाचा अंदाज आणि आजची शक्यता, कोणता आकडा कधी मोजणार, पुढची बैठक कधी. हे पान मोजणी सुरू होण्याआधी सही होऊन बंद झालं पाहिजे. बैठकीची तारीख मोजणीनंतर आणि पुढच्या हंगामाच्या निर्णयाआधी, म्हणजे या दोहोंमधल्या थोड्या आठवड्यांतच बसवा. आकडे तयार व्हायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर मोजणी कमी करा. उशिरा आलेला अचूक आकडा त्या वर्षाच्या निर्णयाला निरुपयोगी असतो.

वार्षिक फेरीत फक्त शक्यता आणि उपचार बदलायचे. उद्दिष्टं, पर्यायांची यादी आणि लाल रेषा यांना हात लावायचा तो पाच वर्षांतून एकदा, स्वतंत्र बैठकीत. वाईट वर्षाच्या दबावाखाली वार्षिक बैठकीतच लाल रेषा ४०० वरून ३०० वर सरकवली जाते, हा या पद्धतीचा सर्वाधिक आढळणारा अंत आहे. दुसरा अंत असा की ‘काहीच नाही’ वाले तुकडे बघवत नाहीत म्हणून कोणीतरी तेही राखायला लागतं. असं झालं तर त्या दिवशीच नोंद करा, लपवू नका, म्हणजे निदान आधीची वर्षं वापरता येतात.

एखाद्या कारणाची शक्यता ०.९ च्या वर सलग दोन वर्षं राहिली आणि पायरी ३ चा हिशेब पुन्हा मांडल्यावर माहितीची किंमत नगण्य निघाली, की तुलनेचे तुकडे मोडून सगळीकडे सरस उपचार लागू करा. पिंजरे आणि कापणी तीन वर्षांतून एकदा पुरे. कोरड्या काळाच्या शेवटी उरलेल्या गवताची मोजणी मात्र दरवर्षी चालू ठेवा. इशारा त्याच आकड्यावर बांधलेला आहे.